कलाशाळेचं पायाभूत वर्ष, पहिले सहा आठवडे : नोंदवही

१ सप्टेंबर, सोमवार

नोंदवही सक्तीची आहे. रोज नाही लिहिली तरी चालेल, पण तारीख हवी आणि थापा नकोत, एवढीच अट. सर म्हणाले, "काय काय केलं त्याची यादी नको. हात कुठे अडला ते लिहा. छान झालेलं मला कागदावर दिसतंच."

सहा आठवड्यांत सहा विभाग फिरायचे: रेखाटन, रंग, लिनो (कोरून छापायचं), सायनोटाइप (उन्हाने निळे छाप उमटवायचे), माती, विणकाम. मग कुठे मुक्काम ठोकायचा ते ठरवायचं. ही पद्धत नवी नाही. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली तेव्हा तिथले शिक्षक योहानेस इटेन यांनी तिथे असाच प्राथमिक अभ्यासक्रम आखला होता. कुठल्याही कार्यशाळेत शिरण्याआधी विद्यार्थ्यांनी निरनिराळं साहित्य हाताळून बघायचं आणि येताना सोबत आणलेलं शहाणपण थोडं विसरायचं. यातलं दुसरं काम जास्त अवघड असावं.

प्रत्येकाला विचारलं, तुझी जमेची बाजू कोणती. मी म्हटलं, "रेघ." शाळेपासून ऐकत आलेय की माझी रेघ चांगली आहे. घोड्याची मानेपासून शेपटीपर्यंतची पाठ मी एका दमात, हात न उचलता काढू शकते. सर नुसतं "हं" म्हणाले आणि पुढच्याकडे वळले.

२ सप्टेंबर, मंगळवार

आपलाच डावा हात काढायचा, कागदाकडे अजिबात न बघता. पेन्सिल उचलायची नाही. डोळा जेवढा सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवायची. वीस मिनिटं.

चौथ्या मिनिटाला मी चोरून खाली बघितलं. अंगठा तळव्यापासून चार बोटं लांब जाऊन पडला होता. मग उरलेला वेळ मुकाट्याने फक्त हाताकडे बघितलं. शेवटी जे उरलं त्याला हात म्हणणं धाडसाचं आहे. पण तर्जनीच्या मधल्या पेरावरच्या सुरकुत्या! त्या अर्ध्या इंचात माझी नेहमीची गुळगुळीत रेघ नव्हती. अडखळत, मध्येच दाबून, मध्येच सुटून गेलेली काहीतरी होती, आणि ती सुरकुतीसारखी दिसत होती. मला ती आवडली नाही. सरांनी नेमका तिच्याभोवतीच गोल केला.

४ सप्टेंबर, गुरुवार

कोळसा. आज रेघ मारायला बंदी. आधी अख्खा कागद कोळशाने काळा करायचा, मग मऊ खोडरबराने उजेड उचलत जायचा. म्हणजे काढायचं नाही, पुसायचं. समोर एक स्टूल, त्यावर मातीची बरणी, मागे राखाडी पडदा.

सर म्हणाले, "स्टूल काढू नकोस. स्टुलाच्या पायांमध्ये अडकलेली हवा काढ." पहिला अर्धा तास मला हे वाक्य म्हणजे उगाच कवितेसारखं वाटलं. मग पाय आणि आडव्या दांड्या यांच्यामधले तुकडे एकेक करून बघितले. एक चौकोन, पण खालची बाजू तिरकी. त्याच्या शेजारी एक निमुळता त्रिकोण, टोकाला जेमतेम नखाएवढा. असे सहा तुकडे बसवले आणि स्टूल आपोआप उभं राहिलं. पायांची जाडी मी काढलीच नव्हती, तरी ती बरोबर आली होती. मी आजवर काढलेल्या स्टुलांपैकी हे पहिलंच, ज्यावर बसायला हरकत नाही.

बरणीपाशी मात्र घात झाला. तिची सावलीची बाजू आणि मागचा पडदा, दोन्ही एकाच राखाडीत. कडा दिसतच नव्हती. मला ते सहन होईना. हळूच कोळशाचं टोक फिरवून कडा बंद करून टाकली. सर मागे उभे होते.

"ही रेघ तुला दिसतेय की माहीत आहे?"

मी म्हटलं, माहीत आहे.

त्यांनी अंगठ्याने ती पुसली. बरणी एका बाजूने पडद्यात विरघळली आणि अचानक गोल दिसायला लागली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का धरणारा फवारा, मारायचं राहिलं. कोळशाची चार चित्रं एकमेकांवर ठेवून फोल्डर बंद केला, आता चारांची आठ झाली आहेत. बरणीवाल्या चित्राच्या छातीवर डावा हात उमटलाय.

८ सप्टेंबर, सोमवार

रंग. मला वाटलं होतं ब्रश हातात मिळेल, मिळाली कात्री. बाउहाउसमध्येच शिकवलेले चित्रकार योझेफ आल्बेर्स रंगांचे प्रयोग करताना विद्यार्थ्यांना रंगीत कागदच वापरायला लावायचे, म्हणे. कागदाचा रंग दर वेळी तोच राहतो आणि ब्रशचं कौतुक मध्ये लुडबुडत नाही. शिकवायला असलेल्या मॅडमही त्याच पंथाच्या.

स्वाध्याय: एकच रंग दोन ठिकाणी ठेवून दोन वेगळे रंग आहेत असं भासवायचं.

मॅडमनी गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. मिशेल-यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या चित्रमय भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार यायची की निळ्या-जांभळ्या छटांमध्ये वापरलेला काळा धागा फिका, बेजान दिसतो, रंगाई नीट होत नाही. त्यांनी धागे तपासले. काळा रंग चोख होता. दोष शेजाऱ्यांचा होता. १८३९ मध्ये त्यांनी हा शेजारधर्म सविस्तर ग्रंथरूपात मांडला.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस नुसते कागद सरकवतेय. टेबलाखाली कपट्यांचा ढीग. आज दुपारी एकदाचं जमलं. मातकट तपकिरी कागदाचे दोन सारखे चौकोन: एक भडक नारिंगीवर, एक गडद निळ्यावर. नारिंगीवरचा मळकट, थोडा हिरवट. निळ्यावरचा चक्क केशरीकडे झुकलेला. शेजारच्या मुलाला पटेना. शेवटी दोन्ही चौकोनांना जोडणारी त्याच कागदाची पट्टी ठेवून दाखवली, तेव्हा तो "च्यायला" म्हणाला. हा आतापर्यंतचा माझा सर्वांत मोठा पुरस्कार.

मग खोडी म्हणून एक करून बघितलं. दोन्ही चौकोनांभोवती काळ्या पेनने बारीक रेघ मारली. जादू बरीचशी ओसरली! दोघं पुन्हा सारखे दिसायला लागले. कुंपण घातलं की रंग शेजाऱ्याशी बोलत नाही.

सलग दुसऱ्या आठवड्यात माझ्या रेघेनेच काम बिघडवलंय. नोंद करून ठेवतेय.

१५ सप्टेंबर, सोमवार

लिनो. इथे तरी रेघेचं राज्य असेल या आशेवर आले. लिनोलियम मुळात फरशीवर अंथरायला बनवलं गेलं: जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. जवसाच्या तेलाचाच तो वास. तैलरंगांच्या खोलीतला वास इथेही येतो तो त्यामुळे. थंड लिनो ठिसूळ होतो, थोडा ऊब देऊन मऊ केला की हत्यार लोण्यासारखं जातं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. हा नियम मॅडमनी तीनदा सांगितला आणि चौथ्यांदा स्वतःच्या अंगठ्यावरचा व्रण दाखवला.

मी पानं झडलेली फांदी निवडली. बारीक बारीक फाटे, काळ्या रेघा, पांढरं आकाश. ट्रेसिंग पेपर उलटा करून उतरवून घेतली, झकास.

१७ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस आकाश खोदतेय.

लिनोत जे कोरून काढाल ते पांढरं, जे राखाल ते काळं. एक मिलिमीटर जाडीची काळी रेघ हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं जग खरवडून काढावं लागतं. माझ्या समोर बसणारीनेही फांदीच घेतली, पण तिने फांदीच कोरली. काळ्या रात्रीत पांढरी फांदी. एका तासात काम संपवून ती आता शाई मळतेय. मी फाट्यांच्या कडेकडेने श्वास रोखून चाललेय. दोन फाटे तुटले. तिसरा मीच रागाने उडवला.

मॅडम येऊन खोदकामाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, अजून साफ व्हायचंय. त्या म्हणाल्या, "साफ कशाला? एवढं खोदतेयस तर कुठल्या दिशेने खोदतेस ते तरी ठरव." तेव्हा लक्षात आलं, हत्याराच्या दोन चरांमध्ये जे बारीक वरंबे उरतात ते छापताना शाई घेतात. मी ते 'चुका' समजून पुन्हा पुन्हा घासत होते. उरलेलं आकाश एकाच तिरक्या दिशेने खोदलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शाई काचेवर पसरून रोलर फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. शाई जास्त असेल तर चपचप असा ओला, चिकट आवाज. बरोबर असेल तर रेशमी सळसळ. पहिल्या दोन प्रती मी चपचपीत छापल्या. फाट्यांमधल्या फटी शाईने बुजून फांदीचा झाडू झाला. तिसरीला सळसळ आली. कागद ठेवला, लाकडी चमच्याच्या पाठीने घासला, एका कोपऱ्यापासून उचलला.

आकाशात वारा होता. तिरके तुटक वरंबे उमटले होते आणि फांदी त्या वाऱ्यात उभी होती. दोन दिवस जपलेल्या फाट्यांकडे कुणी बघितलंही नाही, सगळे वाऱ्याबद्दल बोलले.

पाच प्रतींपैकी तीन ठेवण्यासारख्या. खाली पेन्सिलीने १/३, २/३, ३/३ लिहिलं. लिहिताना उगाच ताठ बसले होते.

२२ सप्टेंबर, सोमवार

सायनोटाइप. हे म्हणजे स्वयंपाकासारखंच, फक्त चाखायचं नाही. अमोनियम फेरिक सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलि पाण्यात, दोन वेगळ्या गडद बाटल्या. वापरायच्या वेळीच समसमान मिसळायचं, मंद पिवळ्या दिव्यात कागदावर पसरायचं, अंधारात वाळवायचं. कागद पोपटी-पिवळा दिसतो. सूर्याचे अतिनील किरण पडले की लोहाच्या क्षारांत बदल होतो, आणि पाण्यात धुतल्यावर जे मागे उरतं ते प्रशियन निळं.

१८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी ही रीत शोधली. खगोलशास्त्रज्ञ माणूस. पुढे इमारतींचे नकाशे वर्षानुवर्षं याच निळाईत निघाले, ब्लू प्रिंट हा शब्द तिथूनच आला. पण मला भावल्या त्या वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स. दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, त्यांनी समुद्री शेवाळं थेट कागदावर ठेवून त्यांच्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. मजकूरही हस्ताक्षरात, त्याच निळ्यात. इतकी बारीक तंतूंची शेवाळं हाताने काढणं अवघड, म्हणून त्यांनी काढणंच सोडून दिलं. शेवाळानेच स्वतःला काढावं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चाचणीची पट्टी. कागदावर पुठ्ठा सरकवत २, ४, ६, ८, १२ मिनिटं. २ धुताना वाहूनच गेलं. ४ आभाळासारखं फिकं. ८ चांगलं. १२ ला उन्हातच निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी, काशासारखी झाक आली, आणि धुतल्यावर तेच सगळ्यांत गडद निघालं. दिसतं त्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचं, हे हाताला पटायला पट्टी लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ढग. सकाळभर कागद खिडकीत ठेवून बसलो. आठ मिनिटांचा हिशेब पंचवीसवर गेला.

लिनोवाली फांदीच पुन्हा घेतली, खरीखुरी. जिथे ती कागदाला टेकली होती तिथे कडा सुरीसारखी. जो फाटा वर उचललेला होता त्याची कडा धूसर, आणि टोकाला तर फक्त निळ्यात एक फिका श्वास. कडेच्या धारेवरून कळतं, वस्तू कागदापासून किती दूर होती. मी कितीही काळजीपूर्वक काढलं असतं तरी सगळे फाटे सारख्याच धारेने काढले असते, कारण सगळे मला सारखेच 'माहीत' होते.

(कागदांचा ड्रॉवर नीट बंद झाला नव्हता. लेप दिलेले सहा कागद कडेने निळे पडले. ड्रॉवर शेवटचा मीच वापरला होता, हे इथे लिहितेय, वर्गात सांगितलेलं नाही.)

२९ सप्टेंबर, सोमवार

माती मळणे. मेंढ्याच्या डोक्यासारखा आकार येईपर्यंत दाबायचं, फिरवायचं, दाबायचं. मनगटं गेली. तारेने गोळा कापून बघायचा, आत भोकं दिसली की पुन्हा.

सगळ्यांनी एक पट्टी करून तिच्यावर नेमक्या १० सेंटिमीटरच्या दोन खुणा केल्या. ही माती किती आक्रसते ते शेवटी मोजायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

वळ्या एकावर एक रचून भांडं. वळीला वळी जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मग आतून-बाहेरून बोटाने सांधा मिटवायचा. माझ्या भांड्याला कडा नाही. म्हणजे ज्या बाजूने बघावं तिथे एक कडा असते, पण भांडं फिरवलं की ती सरकते. दोन तास मी जागच्या जागी बसून एका बाजूने सुंदर करत होते. मॅडमनी काही न बोलता फिरता पाट अर्धा फिरवला. मागून ते पोट सुटल्यासारखं होतं.

संध्याकाळी माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर राहवलं नाही. बाहेरून तारेच्या टोकाने एक लांब रेघ कोरली, बुडापासून वर वेढा घेत गेलेली. एका दमात, हात न उचलता. हे मात्र मला येतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मातीची पट्टी: १० चे ९.४ झाले, नुसत्या वाळण्याने. भांडी उद्या भट्टीत. मी विचारलं, आत हवेचा बुडबुडा राहिला तर फुटतं ना? मॅडम म्हणाल्या, हवा बिचारी काही करत नाही, ओल करते. आत दडलेलं पाणी शंभर अंशांच्या पुढे वाफ होऊन वाट शोधतं. म्हणून आधी बराच वेळ मंद आच. नंतर ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ एकाएकी फुगतो, थंड होताना तिथेच आक्रसतो. तो टप्पा जाताना आणि येताना दोन्ही वेळा सावकाश पार करायचा. साधारण हजार अंशांपर्यंत, मग दीड दिवस दार उघडायचं नाही. बंद दाराकडे बघत बसणं हाही या विभागाचा अभ्यासक्रम दिसतो.

आजपासून विणकाम. चौकटीवर उभे धागे ताणून बसवले. बाउहाउसची आठवण इथे पुन्हा निघाली. १९२२ मध्ये ॲनी आल्बेर्स तिथे चित्रकार व्हायला म्हणून आल्या, पण बायकांना बहुतेक विणकामाकडेच वळवलं जाई. त्याही नाइलाजानेच गेल्या. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. मी तर फक्त पाच दिवसांसाठी आलेय, तरी कुरकुरतेय.

८ ऑक्टोबर, बुधवार

खाली २० सेंटिमीटर रुंद सुरू केलेला तुकडा वर १६ झालाय. कंबर आवळल्यासारखा. आडवा धागा सरळ ओढून घेतला की तो कडेचे धागे आत खेचतो. धागा कमानीसारखा सैल टाकायचा, मग फणीने ठोकायचा. वरखाली जायला त्याला जास्तीची लांबी लागतेच. माझा हात मात्र दर वेळी धागा ताठ करतो. सरळ दिसला की बरं वाटतं त्याला.

आणि रेघ? इथे ती नाहीच. गोलाई हवी तर पायऱ्यापायऱ्यांनी जायचं. दोन रंग शेजारी आणून मधली हद्द उभी ठेवली, तर दोन्ही धागे तिथून माघारी फिरतात आणि मध्ये फट राहते. चौकट खिडकीसमोर धरली. जिथे मी रेघ समजत होते तिथून उजेड येत होता. ती शिवून बंद करता येते, असं सांगितलं. मी बंद केली नाही. आळसाचाही थोडा भाग आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

भट्टी उघडली. सगळं गुलाबीसर, हलकं, टिचकी मारली की किणकिणणारं. माझ्या भांड्याला तडा.

मॅडमनी ते हातात घेऊन फिरवलं. "खोल गेलीस. भिंत इथे पातळ झाली, बाकीची जाड. वाळतानाच इथून सुरू झाला असेल." तडा माझ्या कोरलेल्या रेघेत सुरू झाला होता. दोन बोटं तो तिच्यातून इमानाने चालला, मग तिला सोडून उजवीकडे निघाला, थोडा थांबल्यासारखा, दोन फाटे फुटून, काठाच्या अलीकडे संपला. माझी रेघ तिच्या वाटेने पुढे वेढा घेत गेली आहे.

भांड्यावर पातळ कागद धरून कोळशाने घासून घेतलं. दोन्ही उमटल्या. एक सारख्या जाडीची, दुसरी कुठे केसाएवढी, कुठे तांदळाच्या दाण्याएवढी. तो कागद समोरच्या पानावर चिकटवला आहे, यावेळी फिक्सेटिव्ह मारून.

सर नोंदवही चाळायला आले. त्या पानावर थांबले. "यातली तुझी कुठली?" मी दाखवली. "हं," म्हणाले. पहिल्या दिवशीसारखंच, पण यावेळी पुढच्याकडे वळायला वेळ लावला.

सोमवारी: विणकामाचा तुकडा चौकटीवरून उतरवायचा, टोकांना गाठी. मातीची पट्टी भट्टीनंतर पुन्हा मोजायची. विभाग निवडीचा फॉर्म १७ पर्यंत. पहिल्या पसंतीत लिनो लिहिलंय, पेन्सिलीने.